सिरिंज निर्जंतुक आहे हे पाकीट न फोडता कंपनीला कसं कळतं?

दवाखान्यात इंजेक्शन घ्यायला गेलं की सिस्टर आपल्यासमोर सिरिंजचं पाकीट फोडतात. फारतर आपण विचारतो, "सिस्टर, नवीन आहे ना?" पाकीट बंद होतं म्हणजे सिरिंज नवीन, आणि नवीन म्हणजे निर्जंतुक. आपला हिशोब इथे संपतो.

पण पाकिटावर 'निर्जंतुक' असं छापणाऱ्या कंपनीला तरी हे कशावरून माहीत? तुमच्या दंडात गेलेली ती सिरिंज कुणीच तपासलेली नसते. तपासायची तर पाकीट फोडावं लागेल, सिरिंज जिवाणूंना वाढायला आवडेल अशा द्रवात घालून १४ दिवस वाट बघावी लागेल. एवढं करून ती स्वच्छ निघाली तरी विकता येणार नाही, कारण पाकीट तर फोडलंय.

म्हणजे जी तपासली ती विकता येत नाही आणि जी विकली ती तपासलेली नाही. स्टेंट, सलाईनची नळी, कॅथेटर, सर्जनचे हातमोजे, गुडघ्याचा सांधा, सगळ्यांची हीच अडचण. त्यावर वैद्यकीय उपकरणांच्या उद्योगाने काढलेला मार्ग म्हणजे 'प्रोसेस व्हॅलिडेशन'. सोप्या मराठीत सांगायचं तर वस्तू तपासण्याऐवजी ती बनवण्याची पद्धतच आधी कसून तपासायची आणि तिची लेखी खात्री करून ठेवायची.

शब्द रटाळ आहे, मान्य. पण यामागे माणसं मेली आहेत.

थोडे नमुने तपासून का चालत नाही?

आपल्याकडे म्हण आहे, शितावरून भाताची परीक्षा. एक शीत दाबून बघितलं, मऊ लागलं, म्हणजे भात झाला. घरी हे चालतं, कारण भात सगळीकडे साधारण सारखाच शिजतो आणि कच्चा राहिला तर पुन्हा गॅसवर ठेवता येतो.

आता कारखान्याचा हिशोब बघा. समजा एका बॅचमध्ये दर १०० पाकिटांमागे १ पाकीट दूषित आहे, म्हणजे परिस्थिती भयंकर आहे. त्यातली २० पाकिटं उचलून तपासली तर ती सगळी स्वच्छ निघण्याची शक्यता किती? ०.९९ ला स्वतःशीच २० वेळा गुणा. उत्तर येतं जवळपास ८२ टक्के. म्हणजे इतकी वाईट बॅच पाचपैकी चार वेळा परीक्षा पास होऊन बाजारात जाईल. दर हजारी १ पाकीट दूषित असेल तर पास होण्याची शक्यता ९८ टक्के.

आणि निर्जंतुक वस्तूंसाठी जगभर साधारणपणे धरलेली पातळी हजारी एकाची नाही. दहा लाखांत एक वस्तू दूषित असण्याची शक्यता, त्यापेक्षा जास्त नाही, अशी ती आहे. हे नुसत्या तपासणीने ९५ टक्के खात्रीने दाखवायचं म्हटलं तर सुमारे ३० लाख पाकिटं फोडावी लागतील आणि त्यातलं एकही दूषित निघता कामा नये. एवढं कुणीच करू शकत नाही.

हे गणित कागदावरचं वाटत असेल तर इंग्लंडमध्ये १९७२ साली काय झालं ते बघा.

डेव्हनपोर्टचं प्रकरण

इंग्लंडच्या नैऋत्य किनाऱ्यावर प्लिमथ नावाचं बंदराचं शहर आहे. तिथल्या प्लिमथ जनरल हॉस्पिटलच्या डेव्हनपोर्ट विभागात १९७२ च्या सुरुवातीला शस्त्रक्रिया झालेल्या काही रुग्णांची तब्येत ग्लुकोजची बाटली लावल्यावर अचानक बिघडली. संशय बाटल्यांवर गेला, त्या बाजूला काढून बघितल्या, तर आत जिवाणू वाढलेले होते. या प्रकाराचा संबंध पाच रुग्णांच्या मृत्यूशी जोडला गेला.

(ग्लुकोजची बाटली म्हणजे औषध, उपकरण नव्हे, हे खरं. पण निर्जंतुकीकरणाचा प्रश्न दोन्हीकडे एकच आहे, आणि पुढे दोन्हींचे नियम बदलण्यामागे अशाच घटना होत्या.)

या बाटल्या इव्हान्स मेडिकल या कंपनीने एप्रिल १९७१ मध्ये बनवल्या होत्या. निर्जंतुकीकरणासाठी त्या ऑटोक्लेव्हमध्ये घातल्या होत्या. ऑटोक्लेव्ह म्हणजे तत्त्वाने आपला प्रेशर कुकरच, फक्त खोलीएवढा. दाबाखालची वाफ साधारण १२१ अंशांपर्यंत तापते आणि जिवाणू मारते. पण एक अट आहे. आतली हवा आधी बाहेर गेली पाहिजे. जुन्या कुकरला आधी वाफ येऊ द्यायची आणि मग शिट्टी लावायची, असं आजी सांगायची ते याचसाठी. हवा आत राहिली तर दाबाचा काटा बरोबर दिसतो, तापमान मात्र तेवढं चढत नाही. त्यात हवा वाफेपेक्षा जड, त्यामुळे ती तळाशी बसते.

इथे नेमकं तेच झालं. वरच्या बाटल्या नीट तापल्या, तळातल्या बाटल्यांच्या भोवती हवा अडकून राहिली. वरचा भात शिजला, खालचा कच्चा.

खरी चटका लावणारी गोष्ट पुढची आहे. तापमान नोंदवणारं यंत्र सांगत होतं की तापमान चढलेलं नाही. ते यंत्रच बिघडलं असणार असं समजून त्याकडे दुर्लक्ष झालं. आणि मग बॅचमधले नमुने तपासणीला गेले, ते पास झाले. शितावरून परीक्षा झाली, शीत वरचं होतं.

ब्रिटिश सरकारने नेमलेल्या क्लोथियर समितीचा अहवाल त्याच वर्षी आला. निर्जंतुकीकरण हे साध्या यंत्रावर, फारसं कौशल्य नसलेल्या माणसांकडून सहज होणारं काम आहे असा अनेकांचा समज असतो, पण प्रत्यक्षात त्याला सतत डोळ्यात तेल घालून बसावं लागतं, अशा अर्थाचं निरीक्षण त्यात आहे.

याच सुमारास अमेरिकेतही दूषित सलाईनमुळे साथ पसरली होती. त्यानंतर १९७० च्या दशकाच्या मध्यावर अमेरिकेच्या एफडीएमधल्या टेड बायर्स आणि बड लोफ्टस या दोन अधिकाऱ्यांनी व्हॅलिडेशनची कल्पना लावून धरली. १९८७ मध्ये एफडीएने त्यावर मार्गदर्शिका काढली, औषधं आणि उपकरणं दोन्हींसाठी. तिचा गाभा असा: ठरावीक प्रक्रिया दरवेळी ठरवल्याप्रमाणेच माल देईल याची भक्कम खात्री देणारा लेखी पुरावा तयार करा. यातला 'दरवेळी' हा शब्द महत्त्वाचा आणि 'लेखी' हा त्याहून महत्त्वाचा.

मग सगळ्याच गोष्टींचं व्हॅलिडेशन करायचं?

नाही. ज्याचा निकाल नंतर मोजून, बघून पूर्ण कळतो, त्याला फक्त तपासणी पुरते. सुईची लांबी मोजता येते. भागाचा रंग दिसतो. वायर बरोबर जोडली आहे का ते बघता येतं. जिथे वस्तू नष्ट केल्याशिवाय निकाल पूर्ण कळत नाही, तिथे व्हॅलिडेशन लागतं. निर्जंतुकीकरण हे ठळक उदाहरण. त्याशिवाय निर्जंतुक पाऊचचं सीलिंग, स्वच्छ खोलीतल्या हवेची स्थिती, धातूवर उष्णतेची प्रक्रिया, मुलामा देणं. प्लास्टिकचे भाग साच्यात ओतून घडवण्याचं कामही बहुतेक वेळा याच यादीत येतं.

आंतरराष्ट्रीय आयएसओ १३४८५ या मानकात हीच विभागणी आहे. अमेरिकेने २ फेब्रुवारी २०२६ पासून आपला उपकरणांचा गुणवत्ता नियम याच मानकाला जोडून घेतला आहे, त्यामुळे आता पुणे असो की टेक्सास, भाषा बऱ्यापैकी एकच.

आयक्यू, ओक्यू, पीक्यू

या क्षेत्रातल्या माणसाशी बोलायला गेलात तर पाच मिनिटांत ही तीन नावं कानावर पडतील. यातल्या आयक्यूचा बुद्ध्यांकाशी संबंध नाही.

पाऊच सील करणारं यंत्र घेऊ. सिरिंज एका पाऊचमध्ये टाकायची आणि कडा गरम पट्ट्यांमध्ये दाबून चिकटवायची, एवढंच काम. पण सील कमकुवत असेल तर ट्रकमध्ये हादरे बसून उघडेल आणि आत जंतू जातील. फार जास्त तापलं तर कड जळून ठिसूळ होईल, किंवा इतकी घट्ट चिकटेल की ऑपरेशन थिएटरमध्ये पाऊच फाटेल.

पहिला टप्पा आयक्यू, म्हणजे यंत्र नीट बसवलंय का. वीज, दाबाची हवा, तापमान दाखवणाऱ्या मीटरची अचूकता, देखभालीचं वेळापत्रक. कंटाळवाणं काम. पण डेव्हनपोर्टमध्ये "मीटरच बिघडलं असेल" असं म्हणायची सोय राहिली, हे आठवलं की या कंटाळ्याची किंमत कळते.

दुसरा टप्पा ओक्यू, आणि माझ्या मते खरी मजा इथे आहे. इथे मुद्दाम प्रक्रियेला कडेला नेऊन उभं करायचं असतं. समजा कारखान्यात सीलिंग १४० अंशांवर करायचं ठरलंय (आकडा उदाहरणादाखल). तर १४० वर छान होतं हे दाखवून कुणाला काही सिद्ध होत नाही. यंत्राचं तापमान दिवसभरात थोडं खालीवर होणारच. म्हणून १३० वर सील करून बघायचं, १५० वर बघायचं. सोबत पट्ट्या दाबून धरायचा वेळ आणि दाबही बदलायचा. सगळ्यात कमी तापमान, सगळ्यात कमी वेळ आणि सगळ्यात कमी दाब एकत्र आले तरी सील टिकतं का? आणि तिन्ही जास्त झाले तर? या कडांच्या आत जी सुरक्षित जागा सापडते, तीच कारखान्याची खिडकी. रोजचं काम त्या खिडकीच्या मध्यावर चालवायचं.

तिसरा पीक्यू. आता प्रयोग संपले. रोजचेच कामगार, रोजचाच कच्चा माल, दिवसपाळी आणि रात्रपाळी, आणि ठरलेल्या सेटिंगवर खरं उत्पादन. सहसा तीन बॅच घेतात. तीनच का, याला कायद्याचा आधार शोधायला गेलात तर हाती फार काही लागत नाही. ती रूढी आहे. एकदा जमलं तर योगायोग असू शकतो, दोनदा जमलं तरीही, तिसऱ्यांदा मात्र विश्वास बसू लागतो, असा तो विचार. त्यापेक्षा नमुन्यांची संख्या गणिताने ठरवणं जास्त प्रामाणिक. किमान ९५ टक्के पाऊच चांगले आहेत असं ९५ टक्के खात्रीने म्हणायचं असेल तर ५९ पाऊच तपासा आणि एकही फेल होऊ देऊ नका. ९९ टक्के चांगले आहेत म्हणायचं असेल तर हाच आकडा २९९ होतो. धोका जितका मोठा, तितके नमुने जास्त.

दहा लाखांत एक, हे सिद्ध कसं करतात?

आता मूळ प्रश्नाकडे. ३० लाख पाकिटं फोडायची नाहीत, तरी दहा लाखांत एकचा दावा करायचा आहे. कसा?

बऱ्याच सिरिंज आणि प्लास्टिकच्या नळ्या इथिलीन ऑक्साईड या विषारी वायूने निर्जंतुक होतात, कारण ऑटोक्लेव्हच्या उष्णतेत बरंच प्लास्टिक टिकत नाही. वायू पाऊचच्या श्वास घेणाऱ्या कागदातून आत शिरतो, जंतू मारतो, नंतर हवेच्या झोतात तो काढून टाकतात. त्याचे अंश किती शिल्लक राहिलेले चालतील यालाही मर्यादा आहे, कारण हा वायू कर्करोगकारक आहे.

या प्रक्रियेची परीक्षा घ्यायला मुद्दाम जंतूच वापरतात. बॅसिलस ॲट्रोफियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू या वायूला फार चिवटपणे तोंड देतात. एका छोट्या पट्टीवर असे दहा लाख बीजाणू ठेवायचे आणि मालाच्या ढिगात वायू पोचायला सगळ्यात अवघड अशा जागी, म्हणजे खोक्यांच्या पोटात, त्या पट्ट्या लपवायच्या.

मग अर्ध्या वेळाची चाचणी. जिवाणू मरण्याचा वेग ठरावीक असतो. समजा एका ठरावीक अवधीत ९० टक्के मरतात. दहा लाखांचे उरतात एक लाख, मग दहा हजार, मग हजार. असे सहा अवधी गेले की सरासरी एक उरतो. कंपनी ठरलेल्या वेळाच्या निम्माच वेळ वायू सोडते आणि बघते की सगळ्या पट्ट्यांवरचे बीजाणू मेले का. मेले असतील तर निम्म्या वेळात किमान सहा अवधी झाले. रोजच्या उत्पादनात वेळ पूर्ण, म्हणजे आणखी सहा. एकाचा दहावा भाग, शंभरावा, असं करत दहा लाखावा. हा तो आकडा. त्यात खऱ्या सिरिंजवर दहा लाख चिवट बीजाणू बसलेले नसतातच, त्यामुळे खरी सुरक्षितता याहून जास्त.

एकही सिरिंज न विकता वाया घालवण्यापेक्षा हे किती हुशारीचं आहे बघा. पण हा दावा तेव्हाच खरा, जेव्हा रोजची प्रक्रिया हुबेहूब तशीच चालते. खोकी जास्त दाटीने रचली, दमटपणा कमी झाला, पाऊचचा कागद बदलला, की तो पुरावा दुसऱ्याच कुठल्या तरी प्रक्रियेचा होतो.

दुसरी मोठी पद्धत गॅमा किरणांची, आणि तिचा मुंबईशी जुना संबंध आहे. वैद्यकीय वस्तू गॅमा किरणांनी निर्जंतुक करणारा भारतातला पहिला प्रकल्प, आयसोमेड, १९७४ मध्ये ट्रॉम्बेला भाभा अणुसंशोधन केंद्राच्या परिसरात सुरू झाला. कोबाल्ट-६० मधून निघणारे किरण बंद खोक्याच्या आरपार जातात. इथे व्हॅलिडेशन म्हणजे खोक्यात जागोजागी मात्रा मोजणाऱ्या चकत्या ठेवून नकाशा काढायचा: सगळ्यात कमी किरण कुठे पोचतात, सगळ्यात जास्त कुठे. कमीत कमी जागीही पुरेशी मात्रा हवी, २५ किलोग्रे हा रूढ आकडा आहे, आणि जास्तीत जास्त जागी प्लास्टिक पिवळं पडून ठिसूळ होता कामा नये. (आणि हो, या किरणांनी वस्तू किरणोत्सारी होत नाही. तसा फॉरवर्ड आला तर पुढे पाठवू नका.)

एकदा केलं की झालं?

इथेच मोठ्या कंपन्याही घसरल्या आहेत. टेक्सासमधल्या ऑस्टिनच्या सुल्झर ऑर्थोपेडिक्सने डिसेंबर २००० मध्ये आपल्या कृत्रिम खुब्याच्या धातूच्या वाट्या परत मागवल्या. इंटर-ऑप असं त्यांचं नाव. डिझाइन ठीक होतं, धातूही ठीक होता. पण घडवताना वापरलेल्या वंगणाचे अंश वाटीवर राहून गेले होते, त्यामुळे हाड तिला धरेना. वाटी सैल व्हायची, वेदना थांबायच्या नाहीत. सुमारे १७,५०० रुग्णांच्या शरीरात त्या बसवून झाल्या होत्या, आणि हजारो जणांना पुन्हा शस्त्रक्रियेला सामोरं जावं लागलं. शेवटी भरपाईचा समझोता सुमारे एक अब्ज डॉलरचा झाला.

उघड्या डोळ्यांना न दिसणारा तेलाचा थर तपासणीच्या टेबलावर सापडत नाही. धुण्याची प्रक्रिया तो दरवेळी काढते का, हे आधी सिद्ध केलेलं असावं लागतं, आणि घडवण्यात काहीही बदललं की ते पुन्हा सिद्ध करावं लागतं. नवं यंत्र आलं, साचा बदलला, पुरवठादार बदलला, यंत्र एका शेडमधून दुसऱ्या शेडमध्ये नेलं, की विचारायचा प्रश्न एकच: जुना पुरावा अजून लागू आहे का?

भारतात काय?

आपल्याकडे वैद्यकीय उपकरण नियम, २०१७ हे १ जानेवारी २०१८ पासून लागू आहेत. त्यांच्या पाचव्या अनुसूचीत कारखान्याच्या गुणवत्ता व्यवस्थेच्या अटी आहेत, आणि निर्जंतुकीकरणासारख्या प्रक्रियांचं व्हॅलिडेशन त्यात येतं. सुरुवातीला ठरावीक उपकरणंच या कक्षेत होती. १ एप्रिल २०२० पासून सगळीच आली. परवान्याची सक्ती कमी धोक्याच्या ए आणि बी वर्गासाठी १ ऑक्टोबर २०२२ पासून, सी आणि डी वर्गासाठी १ ऑक्टोबर २०२३ पासून. ए आणि बी वर्गातल्या उत्पादनाचा परवाना राज्य देतं, म्हणजे आपल्याकडे एफडीए, आणि सी व डी चा केंद्रातली सीडीएससीओ.

एक बारकावा लक्षात घेण्यासारखा आहे. ए वर्गातल्या साध्या वस्तूंना परवान्यातून सूट मिळाली, पण ती निर्जंतुक नसलेल्या आणि मोजमाप न करणाऱ्या वस्तूंनाच. पाकिटावर 'निर्जंतुक' छापायचं असेल तर ही सूट नाही.

छोट्या उत्पादकांची तक्रारही खोटी नाही. यंत्र, नमुने, प्रयोगशाळा, कागदपत्रं, सगळ्याला पैसा लागतो. त्यामुळे बरेच जण निर्जंतुकीकरण बाहेरच्या केंद्राकडून करून घेतात. त्यात गैर काही नाही, पण त्या केंद्रात आपल्या मालाची प्रक्रिया व्हॅलिडेट झाली आहे का याची जबाबदारी उत्पादकाचीच राहते. शेजारच्या कंपनीच्या खोक्यांसाठी केलेला अभ्यास आपल्या खोक्यांना चालत नाही.

पाकिटावर काय बघाल?

पुढच्या वेळी पाकीट हातात आलं तर 'स्टराइल' लिहिलेली छोटी चौकट शोधा. तिच्या शेजारच्या खणात 'ईओ' असेल तर इथिलीन ऑक्साईड, 'आर' असेल तर किरण. वर्तुळात २ हा आकडा आणि त्यावर काट म्हणजे पुन्हा वापरू नका. मुदतीची तारीख बघा. पाकीट ओलं, टोचलेलं किंवा कडेला उघडलेलं असेल तर मुदत कितीही शिल्लक असो, दुसरं मागा. कारखान्यातला सगळा पुरावा बंद पाकिटाचा आहे, फाटलेल्याचा नाही.

आणि उपकरणामुळे त्रास झाला असं वाटलं तर पाकीट फेकू नका. त्यावरचा लॉट नंबर हाच एक धागा आहे, ज्यावरून ती वस्तू कुठल्या दिवशी, कुठल्या फेरीत निर्जंतुक झाली ते शोधता येतं. अशा तक्रारींसाठी २०१५ पासून मटेरिओव्हिजिलन्स प्रोग्राम ऑफ इंडिया हा सरकारी कार्यक्रम आहे. तो गाझियाबादचा इंडियन फार्माकोपिया कमिशन चालवतो, आणि त्यांचा टोल फ्री नंबर १८००-१८०-३०२४ आहे. डॉक्टर, नर्स, रुग्ण, नातेवाईक, कुणीही कळवू शकतं.